गॅस संपत नाही, गळतो : एसीच्या दोन तांब्याच्या नळ्यांचा इतिहास



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण विषय घराघरात शिरलेला आहे आणि त्यावर आपल्याकडे कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून लिहितोय.

मार्च उजाडला की आपल्या खान्देशात पूर्वी दोनच गोष्टींची तयारी व्हायची. माठ धुवायचा आणि कूलरची जाळी बदलायची. आता तिसरी आलीय. बाजारपेठेत कुठल्याही दुकानासमोर उभं राहून मान वर करा. पहिल्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीबाहेर पांढरी खोकी लटकलेली दिसतील. प्रत्येक खोक्यातून काळ्या किंवा पांढऱ्या वेष्टनात गुंडाळलेल्या दोन नळ्या भिंतीत शिरतात. आजची पोस्ट त्या दोन नळ्यांबद्दल आहे.

एसी घेताना आपण काय विचारतो? किती स्टार? किती टन? हप्ता किती? फिटिंग फ्री आहे का? शेवटचा प्रश्न आपण सगळ्यात हलक्यात विचारतो. माझं म्हणणं असं, की एसीच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. कसा, ते सांगतो.

टन म्हणजे बर्फ

आधी 'दीड टन' या शब्दाचा निकाल लावू. एसीचं वजन दीड टन नसतं, हे उघड आहे. मग टन कशाचा? बर्फाचा.

एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना आजूबाजूची जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी उष्णता ओढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं. हा टन अमेरिकी मापाचा, म्हणजे साधारण ९०७ किलो. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट. आपल्या भिंतीवरच्या यंत्राच्या नावात अजून बर्फाचा व्यापार जिवंत आहे.

आणि तो व्यापार खरोखर होता, आपल्याकडेसुद्धा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, जहाजाने जगभर विकला. १८३३ साली त्याचं 'टस्कनी' जहाज कलकत्त्याला पोचलं. सुमारे १८० टन बर्फ भरून निघालं होतं, चार महिन्यांच्या प्रवासानंतर १०० टनांच्या आसपास उरला. पुढच्या वर्षी बर्फ मुंबईत आला. सर जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने छापली, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. मद्रासचं बर्फघर तर आजही समुद्रकिनाऱ्यावर उभं आहे. पुढे त्या इमारतीत स्वामी विवेकानंद राहून गेले.

तेव्हा श्रीमंताकडे आयात बर्फ, साहेबाच्या बंगल्यावर वाळ्याचे ओले पडदे आणि ते सतत भिजवायला एक माणूस, आणि आपल्यासारख्यांच्या घरी धाब्याचं छप्पर नि जाड मातीच्या भिंती. गारवा विकत घ्यायची वस्तू आहे, ही सवय तिथून लागली.

एसी जन्मला छापखान्यात

हा भाग पत्रकार म्हणून मला विशेष आवडतो.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता, सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा. तिथे रंगीत छपाई चालायची. रंगीत छपाईत तोच कागद यंत्रातून परत परत जातो, एकदा पिवळ्यासाठी, एकदा लालसाठी, एकदा निळ्यासाठी. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये हवा बदलली की रंग एकमेकांवर बसत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात ऑफसेटवर काम केलेल्या कुणालाही विचारा, 'रंग हलला' म्हणजे काय ते तो सांगेल.

हा घोळ सोडवायला विलिस कॅरियर नावाचा पंचवीस वर्षांचा इंजिनियर कामाला लागला. त्याने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा खेळवली. हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी नळीवर जमतं, जसं बर्फाच्या पाण्याने भरलेल्या तांब्याच्या पेल्याला बाहेरून दव धरतं. त्याच्या आराखड्यावर तारीख आहे १७ जुलै १९०२.

म्हणजे आज तुमच्या एसीच्या पाइपमधून गल्लीत टपटप पाणी पडतं आणि खालचे काका वर बघून ओरडतात, ते पाणी काही बिघाड नव्हे. हवेतलं पाणी काढणं हेच या यंत्राचं मूळ काम. माणसाला गार वाटणं हा नंतरचा फायदा.

गॅस डांबून ठेवायची लढाई

एसी असो की फ्रिज, तत्त्व एकच. सहज उकळणारा एक द्रव नळीत फिरवायचा. आत तो वायू होताना खोलीतली उष्णता घेतो, बाहेर दाबाखाली परत द्रव होताना ती सोडतो. आपल्या अंगावरचा घाम वाळताना गार वाटतं, तेच हे. फरक इतकाच, की घाम वाळला की गेला, आणि इथे तोच पदार्थ पुन्हापुन्हा वापरायचा आहे. म्हणून तो डांबून ठेवावा लागतो.

आणि सगळी रड इथेच आहे. सुरुवातीला वापरले जाणारे पदार्थ होते अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड. पहिले दोन नाका-डोळ्यांतून पाणी काढणारे, तिसरा विषारी आणि जवळपास बिनवासाचा. यंत्राच्या जोडातून गॅस झिरपला आणि झोपेत माणसं गेली, असे प्रकार १९२० च्या दशकात झाले. बर्लिनमधल्या अशाच एका कुटुंबाची बातमी वाचून अल्बर्ट आइनस्टाइन अस्वस्थ झाले आणि लिओ झिलार्डला सोबत घेऊन त्यांनी फ्रिजची रचना केली. हो, तेच आइनस्टाइन. १९३० साली त्यांना अमेरिकेत त्याचं पेटंटही मिळालं. त्यांचा मुद्दा साधा होता : यंत्रात हलणारा भाग नसेल तर त्याच्याभोवती सील लागणार नाही, सील नसेल तर गळती नाही.

त्यांचा फ्रिज बाजारात आला नाही. बाजाराने दोन वेगळे उपाय निवडले.

पहिला उपाय, डबा बंद करणं. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकने कॉम्प्रेसर आणि मोटार एकाच पोलादी डब्यात कायमची बंद केलेला फ्रिज आणला. सगळे जोड कारखान्यात, कारागिराच्या नजरेखाली. घरी आल्यावर फक्त प्लग लावायचा.

दुसरा उपाय, गॅसच बदलणं. थॉमस मिजली या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली न जळणारा, विषारी नसलेला गॅस तयार केला. पुढे तो फ्रिऑन नावाने जगभर गेला. १९३० साली मिजलीने जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर तो गॅस छातीत ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारीही नाही, पेटतही नाही. टाळ्या पडल्या असणार.

पण त्या मेणबत्तीबरोबर एक काळजीही विझली. गॅस निरुपद्रवी, मग थोडा गळला तर काय बिघडलं? पुन्हा भरा. 'गॅस भरून देतो' हे वाक्य आपल्या कानांवर पडतं, त्याचं मूळ त्या निश्चिंतीत आहे.

आपल्याकडे एसी कसा आला

भारतात थंड हवा आधी सिनेमागृहात आणि रेल्वेत आली. मुंबईचं रीगल १९३३ साली उघडलं ते वातानुकूलित म्हणूनच. मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली गार डबा जोडला गेला, त्यात डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून त्यावरून हवा आत सोडत. बर्फाचा टन पुन्हा आलाच बघा.

१९४३ साली मुंबईत ब्लू स्टार सुरू झाली, १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट यांची मिळून व्होल्टास. नंतरची काही दशकं एसी म्हणजे खिडकीतलं घरघरणारं खोकं. तालुक्याच्या गावात ते दिसायचं कुठे? बँकेच्या कॉम्प्युटर खोलीत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, सोनोग्राफीच्या खोलीत. माणसासाठी एसी ही कल्पना नव्हती, मशीनसाठी होती. लोक काहीतरी काम काढून तिथे जाऊन पाच मिनिटं उभे राहायचे.

या खिडकीवाल्या एसीची एक गोष्ट लक्षात ठेवा. तो अखंड होता. कॉम्प्रेसर, दोन्ही जाळ्या, सगळ्या नळ्या, भरलेला गॅस, सगळं एका पेटीत, कारखान्यात झाळून बंद केलेलं. घरी सुताराने चौकट करायची, वायरमनने बोर्ड द्यायचा, झालं. गॅसशी कुणाचा संबंध येत नसे.

स्प्लिटने कारखाना भिंतीवर आणला

स्प्लिट म्हणजे दुभंगलेला. जपानमध्ये १९६० च्या दशकात हे यंत्र घरगुती रूपात आलं. १९६८ साली मित्सुबिशी इलेक्ट्रिकने लांबट, नळकांड्यासारख्या पंख्याचं भिंतीवर लावायचं यंत्र काढलं, त्याचीच पोरं-नातवंडं आज आपल्या बेडरूममध्ये आहेत. आवाज करणारा भाग बाहेर, शांत भाग आत. खिडकी मोकळी. आणि मध्ये दोन तांब्याच्या नळ्या.

लोकांना शांतता आवडली. पण इतिहासाच्या नजरेने बघा. पन्नास-साठ वर्षं खटपट करून जगाने गॅस कारखान्यात बंद केला होता. स्प्लिटने ती पेटी मधोमध कापली आणि सांगितलं, हिचे शेवटचे चार जोड गिऱ्हाइकाच्या भिंतीवर, शिडीवर उभं राहून, उन्हात करा. एसी दुकानातून निघतो तेव्हा तो पूर्ण झालेला नसतो. कारखान्यातलं शेवटचं काम आपल्या घरात होतं. ते करणारा मुलगा त्या कारखान्याचा शेवटचा कामगार असतो. आपण मात्र त्याला सामान टांगणारा समजतो.

तो नेमकं काय करतो, किंवा त्याने काय करायला हवं, ते सांगतो. मी दोन उन्हाळे या मुलांबरोबर फिरून, विचारून विचारून समजून घेतलंय.

आधी भिंतीवर पत्र्याची पट्टी पाणसळ लावून ठोकायची. मग भोक पाडायचं, ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. नाहीतर पाणी बाहेर जायच्या ऐवजी तुमच्या गादीवर येतं. आतलं यंत्र बहुतेक वेळा नायट्रोजन भरून, टोपणं लावून आलेलं असतं. टोपण सोडलं की 'फुस्स' आवाज यायला हवा. आला नाही तर जाळी आधीच फुटकी असू शकते, तिथेच थांबायचं.

मग तांब्याची नळी. एक बारीक, एक जाड. बारकीतून द्रव जातो, जाडीतून वायू परत येतो. नळी पाइप कटरने कापायची, हॅक्सॉने नाही, कारण कीस आत पडतो. कापलेली कड आतून साफ करताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे बारीक तुकडे आत न जाता जमिनीवर पडतात. वाकवताना नळी चेमटता कामा नये. दोन्ही नळ्यांना वेगवेगळं फोमचं वेष्टन, कारण बहुतेक स्प्लिटमध्ये दोन्ही नळ्या गार असतात. उघड्या राहिल्या तर भिंतीला ओल येते.

आता मुख्य काम : फ्लेअर. नट आधी नळीत ओवायचा (हे विसरून नंतर कपाळावर हात मारणारे सगळ्यांनी पाहिलेत), मग अवजाराने नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं. हे कर्ण्याचं तोंड यंत्राच्या पितळी शंकूवर बसतं आणि नट ते आवळून धरतो. ना रबर, ना डिंक. तांबं पितळेवर घट्ट बसलं, एवढाच काय तो बंदोबस्त. तोंडाला एक चीर, एक कचरा, वाकडं पसरवलेलं, नट कमी आवळला किंवा जास्त आवळून तांबं पातळ केलं, की गळती. म्हणून ठरावीक जोर देणारा टॉर्कचा पाना वापरायचा असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साधा पाना आणि हाताचा अंदाज.

जोड झाले की नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती बघायची. आणि मग व्हॅक्युम पंप.

व्हॅक्युम कशासाठी

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, म्हणून जरा सविस्तर.

जोडलेल्या नळ्यांमध्ये आणि आतल्या जाळीत साधी हवा असते, आणि हवेत ओल. ती तशीच ठेवून गॅस सोडला तर हवा दाब वाढवते, थंडावा कमी करते, बिल वाढवते. ओल त्याहून वाईट. ती कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी मिसळून हळूहळू आम्ल तयार करते. आणि ते आतून यंत्र खातं.

पंप हवा खेचून घेतो. पण पाणी कसं खेचणार? डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळतं, हे शाळेत शिकलोय. पंप नळीच्या आत इतका विरळ दाब करतो, की पाणी आपल्या खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर येतं. त्यासाठी वेळ लागतो, निदान पंधरा-वीस मिनिटं. मग पंप बंद करून काटा हलतो का ते बघायचं. हलला नाही, तर जोड घट्ट आहेत. त्यानंतरच बाहेरच्या युनिटची व्हॉल्व्ह उघडायची. गॅस त्या युनिटमध्ये कारखान्यातूनच भरून आलेला असतो.

आपल्याकडची शॉर्टकट पद्धत काय? एका बाजूचा नट सैल ठेवायचा, व्हॉल्व्ह जरा उघडायचा, गॅसच्या झोताने हवा बाहेर ढकलायची, 'सूं' आवाज आला की नट आवळायचा. दोन मिनिटांत काम. हवा बरीचशी जाते, ओल राहते, आणि गॅस आकाशात जातो.

"भाऊ, पंप नाही आणला?"
"काका, एवढ्याशा पाइपला कशाला? आम्ही रोज असंच करतो."

खोटं बोलत नाही तो. रोज असंच होतं.

आकाशात गेलेल्या गॅसचं काय झालं

मिजलीचा निरुपद्रवी गॅस जमिनीवर निरुपद्रवीच होता. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोघांनी मांडलं, की हे गॅस वर जाऊन सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. कंपन्यांनी नाकं मुरडली. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर ठेवलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात आला. संयुक्त राष्ट्रांतल्या प्रत्येक देशाने हा करार मान्य केलाय, असं भाग्य फार थोड्या करारांना लाभलं. मोलिना आणि रोलंड यांना १९९५ साली पॉल क्रुटझेन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

त्यानंतर गॅसची नावं बदलत गेली, आणि प्रत्येक बदल आपल्या गल्लीतल्या फिटरच्या पिशवीपर्यंत पोचला.

खोलीच्या एसीत आधी असायचा आर-२२. ओझोनला घातक, पण मूळ फ्रिऑनच्या मानाने सुमारे विसावा भाग. तो भारतात टप्प्याटप्प्याने बंद होतोय, २०३० ही मर्यादा. त्याच्या जागी आला आर-४१०ए. ओझोनला अपाय नाही, पण त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. जुने गेज, जुनी पातळ नळी, जुना अंदाज चालेना. आणि त्याच्यासोबतचं तेल ओल फार पटकन शोषतं, त्यामुळे व्हॅक्युम आणखी गरजेचं. आता बहुतेक नव्या यंत्रांत आर-३२ आहे. तो थोडासा ज्वलनशील. आपल्या महाराष्ट्रात शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २०१२ च्या सुमारास प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारे एसी काढले. वातावरणाला जवळजवळ निर्धोक, पण स्वयंपाकाच्या गॅसचाच तो भाऊबंद, त्यामुळे जोड पक्के हवेतच.

म्हणजे बघा, न पेटणाऱ्या गॅसपासून सुरुवात करून शंभर वर्षांनी आपण पुन्हा पेटणाऱ्या गॅसकडे आलोय. मिजलीची मेणबत्ती आता विझेलच असं नाही. आणि मधल्या काळात जोड मात्र कारखान्यातून भिंतीवर आलेत.

ओझोन वाचला तरी दुसरा हिशेब बाकी होता, तापमानवाढीचा. एक किलो आर-४१०ए हवेत गेला तर तो सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो. आर-३२ चा आकडा ६७५. साध्या भाषेत, एक किलो आर-३२ सोडणं म्हणजे जवळपास २९० लिटर पेट्रोल जाळणं. मोटारसायकलवर तेवढ्यात किती वर्षं निघतील, तुम्हीच बघा. २०१६ साली रवांडाच्या किगाली शहरात याच गॅसांना आवर घालायचं ठरलं. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२८ ला वापर गोठवायचा, २०३२ पासून कमी करायचा, २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी.

करार कारखान्याला बांधतो. किती गॅस बनवायचा, कुठला बनवायचा, हे सांगतो. भिंतीवरचा नट किती आवळायचा, हे तो सांगू शकत नाही.

मग आपल्या गावाचा काय संबंध?

संबंध असा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. संपत नाही. यंत्राच्या आयुष्यभर तोच गॅस फिरत राहायला हवा. दर उन्हाळ्यात 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' असं कुणी सांगितलं, तर त्याचा अर्थ एकच : गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत आकाशात. पैसे तुमचे गेलेच.

एका सरकारी कार्यालयात (नाव लिहीत नाही, प्रश्न एका कार्यालयाचा नाही) मी एसी दुरुस्तीची बिलं पाहिली. तीच खोली, तोच एसी, वर्षामागून वर्ष 'गॅस चार्जिंग'. गळती शोधल्याची एक नोंद नाही. निविदेत यंत्राचे स्टार लिहिलेले असतात, फिटिंगबद्दल एक ओळ : 'बसवून देणे'. सगळ्यात कमी दर भरणारा बसवून देतो. जनतेचे पैसे स्टारवर खर्च होतात आणि नटमधून निघून जातात.

दोष त्या मुलांना देऊ नका. केंद्र सरकारने २०१९ साली कूलिंग ॲक्शन प्लॅन काढला, त्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. कागदावर सगळं आहे. पण मे महिन्यात या पोरांना नगावर पैसे मिळतात. दिवसात तीन बसवले तर तीनचे, पाच बसवले तर पाचचे. वीस मिनिटं पंप चालवणं म्हणजे त्याच्या खिशातून वीस मिनिटं. चांगला पंप, टॉर्कचा पाना, नायट्रोजनची टाकी, सगळं त्याने स्वतःच्या पैशाने घ्यायचं. आणि ४५ अंशांत दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर, कमरेला पट्टा नाही, एक हात खिडकीच्या गजाला, दुसऱ्या हातात पाना. आपण आतून म्हणतो, "झालं का रे भाऊ? लवकर कर, गरम होतंय."

'फ्री फिटिंग' ही फ्री नसते. तिची किंमत तो मुलगा देतो, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही देता, नाहीतर आकाश देतं.

म्हणून माझी आपल्या नगरपरिषदेकडे आणि सगळ्या कार्यालयांकडे जाहीर मागणी आहे. एसीच्या निविदेत फिटिंगचा दर वेगळा लिहा. नायट्रोजन चाचणी आणि व्हॅक्युमची नोंद बिलासोबत मागा. उंचीवरच्या कामाला पट्टा सक्तीचा करा. गळती शोधल्याच्या नोंदीशिवाय गॅस चार्जिंगचं बिल मंजूर करू नका.

आणि घरी एसी बसवताना तुम्ही एवढं विचारा :

१. व्हॅक्युम पंप आणलाय का? नसेल तर उद्या या म्हणा.
२. नट आवळायला टॉर्कचा पाना आहे का?
३. जोडावर साबणाचा फेस लावून दाखवाल का?
४. व्हॅक्युमनंतर काटा किती वेळ स्थिर राहिला?
५. पट्टा आहे का? नसेल तर बाहेर उतरू नको रे बाबा.

वेळ जास्त लागेल, त्याचे पैसे वेगळे द्या. चहा-पाणी द्या. त्याने नीट केलं तर तुम्हाला पुढची कैक वर्षं त्याला बोलवावं लागणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमाराला आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमाराला १९८० च्या पातळीवर येईल. माणसांनी ठरवलं तर आकाशसुद्धा दुरुस्त होतं, याचा हा पुरावा. माँट्रियलला आणि किगालीला मोठ्या लोकांनी आपापलं काम केलं. आता उरलेलं काम पाव इंच आणि अर्धा इंच जाडीच्या दोन नळ्यांच्या टोकांवर आहे, आणि ते आपल्याच गल्लीतल्या पोराच्या हातात आहे. त्याला अवजार द्या, वेळ द्या आणि त्याच्या कामाची किंमत द्या.

ज्यांच्या घरी यंदा एसी लागणार आहे, त्यांच्यापर्यंत पोस्ट पोचवा. आणि फिटिंगचं काम करणारी जी मुलं हे वाचत असतील, त्यांनी मला जरूर फोन करा. तुमच्या अडचणींवर पुढचं लिहायचंय.